पालीच्या पारावरची बॅटरी

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. त्या उन्हाळ्यात बीडच्या एका पोलीस ठाण्यात बॅटरीवर चालणाऱ्या दोन स्कूटर आल्या. कुठल्याशा कंपनीने तीन महिने गस्तीला वापरून बघा म्हणून दिलेल्या. पेट्रोल नाही, गिअर नाही, आवाज तर नाहीच. बुलेटवाले जमादार बबनराव पोट धरून हसले आणि त्यांनी नाव ठेवलं, मुकी म्हैस.

एकीला शेवटपर्यंत कोणी हात लावला नाही. दुसरी जगदेवीने मागून घेतली. पेठेतल्या किराणा दुकानदार मन्मथप्पांची ही थोरली. पोलिसात भरती होऊन चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं आवक-जावकच्या टेबलावर गेली होती. बुलेट तिला पेलत नव्हती, आणि ज्याला बुलेट पेलत नाही त्याला गस्त नाही, असा ठाण्याचा न लिहिलेला कायदा होता. फौजदार बद्रीनाथ साहेबांनी पालीची संध्याकाळची गस्त तिला दिली, पण अट घालून. ज्या दिवशी गाडी ढकलत आणाल, त्या दिवशी गाडी कंपनीला परत आणि तुम्ही टेबलावर परत. जगदेवीने कबूल केलं. न करून सांगते कुणाला?

पालीत तेव्हा विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. महिन्यात पाच गेल्या. जगदेवी रोज पारावर जाऊन विचारायची. गडी रामराम घालायचे, चहा पाजायचे, धरणात पाणी किती उरलंय ते सांगायचे. त्यापलीकडे अवाक्षर नाही.

एका संध्याकाळी ती पोचली तर अख्खं गाव पारावर टीव्हीसमोर, आणि टीव्ही काळाठिक्कर. भारताची मॅच ऐन रंगात आलेली आणि लाईट गेलेली. अशा वेळी ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची, ही पालीची रीत. पण ट्रॅक्टर वऱ्हाड घेऊन लिंबागणेशला गेला होता. जळालेल्या मोटारींची वायर नव्याने भरून देणारे नबी मिस्त्री हातात दोन वायरी धरून बसले होते. त्यांची नजर स्कूटरवर गेली.

"ताई, हिच्यात बॅटऱ्या किती हायत?"

"चार."

"एकच द्या. पाच ओव्हर राह्यल्यात."

एक बॅटरी उतरली तर परतीच्या चढाला गाडी दम टाकणार, हे जगदेवीला कळत होतं. टेबल डोळ्यांपुढे आलं. पण सगळं गाव तिच्याकडे टक लावून बघत होतं, आणि महिन्याभरात गावाने तिच्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं. तिने किल्ली मिस्त्रींच्या हातावर ठेवली.

टीव्हीने डोळा उघडला. गडी पुढे सरकले, बाया मागे ओट्यावर बसल्या. म्हाताऱ्या भिवराबाईने पदराने ओटा झाडून जगदेवीला शेजारी जागा दिली. थोड्या वेळाने ती पडद्यावरची नजर न काढताच बोलली.

"पोरी, टँकर भरून चालला की रस्त्यावर पाणी सांडतं का न्हाई?"

"सांडतं की."

"मग त्यो निळा टँकर रोज धरणाकडनं येतो, त्याचं कावून सांडत न्हाई?"

जगदेवीचं मॅचवरचं लक्ष उडालं. "आजी, हे आधी का नाही सांगितलं?"

"इचारलंय कुनी? तुमी पारावर गड्यांलाच इचारता. गडी पारावर बसतेत, टँकर आमच्या दारावरून जातो."

खरं होतं ते.

मॅच भारताने जिंकली. स्कूटरने मात्र चढाखालीच मान टाकली. तिथून जगदेवीने ती ढकलत ठाण्यात आणली, तेव्हा बबनराव फाटकातच उभे होते.

"काय बाई, म्हैस आटली?"

तिने साहेबांपुढे काही लपवलं नाही. बॅटरी, मॅच, टँकर, सगळं सांगितलं. साहेबांनी आधी जिंकलो का ते विचारून घेतलं आणि मग टँकरचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालीच्या रस्त्यावर निळा टँकर अडवला. बबनराव वर चढले, झाकण उघडून आत डोकावले. टाकी आतून कोरडी ठाक, आणि तळाला पोत्यांत बांधलेल्या तीन मोटारी.

साहेबांनी जगदेवीची पाठ थोपटली, पण शब्द म्हणजे शब्द, गाडी जाणार म्हणाले. आणि टेबल?

"गाडी न्या साहेब," जगदेवी म्हणाली. "मी एसटीने जाईन. पण टेबलावर आता बसवू नका."

"अट मीच घातली. ती मीच कशी मोडू?"

तेव्हा बबनराव खाकरले. "अर्धी पाळा की साहेब. म्हैस जाऊ द्या, बाई राहू द्या."

साहेबांनी अर्धी पाळली.

पुढे बद्रीनाथ साहेबांची बदली झाली. जाताना गस्तीच्या यादीत जगदेवीचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. कंपनी दोनेक वर्षांत बसली. बबनरावांनी निवृत्तीनंतर पालीच्या रस्त्याला रसवंती टाकली आणि खाकी दिसली की पैसे घेतले नाहीत. नबी मिस्त्रींनी औरंगाबादला दुकान काढलं, त्यांची मुलगी अदिबा शिक्षिका झाली. भिवराबाई चार वर्षांनी गेली. तिच्या तेराव्याला जगदेवी वर्दीतच पंगतीला बसली होती. स्वतः जगदेवीने अकरा वर्षं एसटीने गावं पालथी घातली आणि गावात शिरली की आधी ओट्यावर बसली, पारावर नंतर.