चव्वेचाळिसावी चकती

चर्चमध्ये तिला सगळेच मावशी म्हणत. तरुण पाळक म्हणे, त्याची बायको म्हणे, आणि मावशीपेक्षा दहा पावसाळे जास्त पाहिलेली ऑर्गनवाली म्हातारीसुद्धा बिनदिक्कत मावशीच म्हणे. मावशी बेकरीत भट्टीवर कामाला होती. शनिवारी दुपारी पावांची शेवटची खेप निघाली की निवत्या भट्टीत ती रविवारच्या उपासनेत प्रत्येकाला एकेक द्यायची प्रभुभोजनाची भाकर भाजून घेई. बिनखमिराची कणीक पातळ लाटायची, बाटलीच्या झाकणाएवढ्या साच्यानं चकत्या पाडायच्या आणि पत्र्यावर मांडायच्या. एकोणतीस वर्षं ती हे करत होती आणि एवढ्या वर्षांत चकती कधी उरली नव्हती की कमी पडली नव्हती.

ही काही जादू नव्हती. कोण आजारी आहे, कोण लेकीच्या बाळंतपणाला गेलंय, कोण नवऱ्याशी भांडून रविवारी मुद्दाम लोळत पडणार आहे, याची बित्तंबातमी मावशीकडे असे. एकदा प्रार्थना होऊन गेली की उरलेली चकती टाकायची कुठं? आणि कमी पडली तर ऐनवेळी आणायची कुठून? म्हणून ती मोजून करी. या रविवारी त्रेचाळीस होणार होत्या, तिची स्वतःची धरून.

शुक्रवारी दुपारी पाळक बेकरीच्या मागच्या दारानं आत आला. पाळक मागच्या दारानं आला म्हणजे बातमी धड नाही हे समजून घ्यावं. मावशी टेबलावरचं पीठ ओल्या फडक्यानं पुसत होती.

"मावशी, परवासाठी एक चकती जास्त करा."

"कोण पाहुणा?"

पाळकानं स्टूल पुढं ओढलं, पण बसला नाही. "तो सुटलाय."

'तो' कोण हे विचारायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी पहाटेच्या धुक्यात ज्याच्या ट्रकनं मावशीच्या एकुलत्या एका लेकाला उडवलं, तो. नुसतं उडवलं असतं तर मावशीनं एक वेळ अपघात म्हणून सोडलंही असतं. पण हा गाडी थांबवून खाली उतरला, काही मिनिटं त्याच्याजवळ उभा राहिला आणि त्याला तसाच टाकून निघून गेला. पोरगा त्यानंतर तासभर जिवंत होता. वेळेत आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं तेव्हा मावशी पहिल्या बाकावर बसलेली होती.

पाळक दर महिन्याला तुरुंगात उपासना घ्यायला जाई. तिथं हा माणूस रडला, त्यानं पश्चात्ताप केला, गेल्या वर्षी बाप्तिस्माही घेतला. घरच्यांनी त्याला दारात उभं केलं नव्हतं. पाळकानं हे सगळं वर्षभर पोटात ठेवलं होतं आणि आता एका दमात सांगून टाकलं. "तुम्ही नको म्हणालात तर मी त्याला दुसऱ्या चर्चला पाठवतो. तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही."

"त्याला क्षमा झाली?"

"मनापासून मागितली की होते, मावशी. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

शिकवलं होतंच. हाच पाळक लहानपणी रविवारच्या शाळेत बाहीला नाक पुसत तिच्यासमोर बसायचा. मावशी फळ्यावर खडूनं दोन दारं काढायची. विश्वास ठेवला तो वर, पाठ फिरवली तो खाली, मधे बसायला बाक नाही. मुलं डोळे मोठे करून ऐकायची आणि मावशीला आपल्या शिकवण्याचा अभिमान वाटायचा. ते दार आपल्याच पोराच्या तोंडावर लागेल हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

"म्हणजे तो स्वर्गात जाणार."

"हो."

"आणि माझा?"

मावशीचा लेक वायरमन होता. विसाव्या वर्षी त्यानं चर्च सोडलं. "आई, वर कनेक्शनच नाहीये, तू उगाच बटणं दाबत बसतेस," असं म्हणून तो हसायचा. चर्चच्या यादीतून आपलं नाव काढायचा अर्जही त्यानं दिला. तो दिला त्या संध्याकाळी जेवताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मावशी म्हणाली, "असाच मेलास तर नरकात जाशील, आणि मी रडणारसुद्धा नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्कूटर काढून कामावर गेला. हे शेवटचं वाक्य मावशीनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"शेवटच्या क्षणी कुणाच्या मनात काय येतं ते देवालाच ठाऊक," पाळक हळूच म्हणाला. "एक हाकसुद्धा पुरते, मावशी. देव न्यायी आहे तसा प्रेमळही आहे."

"देवाला ठाऊक आणि अजून एकाला ठाऊक." चारचौघांत त्याला अहोजाहो करणारी मावशी आता ते विसरली. "उद्या दुपारी त्याला इथं पाठव. मग चकतीचं बघू." पाळक दाराशी पोचला तशी तिनं पुन्हा हटकलं. "दर रविवारी उभं राहून म्हणतो ना आपण, प्रभू मेला, त्याला पुरलं, मग तो खाली मेलेल्यांच्या जगात उतरला? तिथं कशाला गेला होता रे तो?"

"त्यात मतभेद आहेत. काही म्हणतात, तिथं अडकलेल्यांना आणायला."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मला खरंच माहीत नाही," पाळक म्हणाला आणि गेला.

शनिवारी दुपारी तो आला. मावशीनं त्याला कोर्टात पाहिलं होतं तेव्हा त्याची मान जाडजूड होती. आता गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टात ती काडीसारखी दिसत होती. आल्या आल्या तो गुडघे टेकायला लागला.

"ऊठ. खाली पीठ आहे, कपडे भरतील." मावशीनं हात पुसले. "रडगाणं ऐकायला नाही बोलावलं. एकच विचारायचंय. तो बोलत होता?"

"हो, बाई."

"काय?"

"आधी मला शिव्या दिल्या. मग पाणी मागितलं. माझ्याकडे बाटली होती, पण मी... दिलं नाही. घाबरलो होतो."

"देवाचं नाव घेतलं का त्यानं?"

आता सगळं त्या माणसाच्या जिभेवर होतं. 'हो' म्हटलं असतं तर मावशी उरलेलं आयुष्य गाढ झोपली असती. पडताळून बघायला कोण होतं? कुठलाही साधा बदमाश पटकन 'हो' म्हणून मोकळा झाला असता. सहा वर्षांपूर्वी हाही झाला असता.

"नाही," तो म्हणाला. "बाई, खोटं बोलावंसं फार वाटतंय मला. पण पुन्हा खोटं बोलणार नाही असं देवाला वचन दिलंय मी."

मावशीनं टेबलाची कड धरली. "मग काय म्हणाला?"

"आई म्हणाला. चार-पाचदा. मी गाडी चालू केली तेव्हाही म्हणत होता."

भट्टीच्या आत काहीतरी तडकल्याचा आवाज आला. मावशीनं जाऊन भट्टीचं दार नीट लावलं.

"उद्या नऊला उपासना आहे," मावशी शेवटी म्हणाली. "वेळेवर ये."

तो गेल्यावर ती रडली. रडणार नाही म्हणाली होती, तरी सहा वर्षं रोजच रडत होती, पण आजचं रडणं वेगळं होतं. भट्टीसमोर उभी राहून ती देवाला नाही नाही ते बोलली. मरताना पोरानं चुकीच्या माणसाला हाक मारली, एवढाच त्याचा गुन्हा. देवाला मारली असती तर सुटला असता, म्हणे. मारली आईला, आणि आई तेव्हा इथं याच टेबलाशी पावाचे गोळे करत होती. मग तिनं डोळे पुसले, कणीक लाटली, मोजून त्रेचाळीस चकत्या पाडल्या आणि उरलेली कणीक टाकून दिली.

रविवारी तो मागच्या बाकावर बसला. त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. सगळे उभे राहिले आणि नेहमीचे शब्द म्हणू लागले. प्रभू मेला, पुरला गेला, खाली उतरला, इथपर्यंत मावशीचा आवाज सगळ्यांत वर होता. पुढं, तो पुन्हा उठला, इथं तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

पाळकानं ताटावरचा कपडा काढला. दहा-दहाच्या चार ओळी आणि वर तीन. त्याचा चेहरा उतरला. मावशीनं त्या माणसाला वगळलं, असंच त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला तिचा दोषही वाटला नाही. लोक एकेक करून पुढं येऊ लागले. मावशी नेहमीसारखी ताट धरून पाळकाजवळ उभी होती. तिची पाळी सगळ्यांत शेवटी. तो माणूस समोर आला तेव्हा ताटात एकच चकती उरली होती. पाळकाचा हात तिथंच अडला.

"द्या त्याला," मावशी म्हणाली आणि ताट पुढं केलं.

त्यानं चकती घेतली. ऑर्गनवाली हुंदके देऊ लागली. "केवढं मोठं मन," कुणीतरी कुजबुजलं आणि निम्म्या चर्चनं डोळे पुसले. मावशीला त्या सगळ्यांचा मनस्वी राग आला.

उपासना संपल्यावर ती बाजूच्या खोलीत ताट धूत होती. पाळक मागोमाग आला. "मला सांगायचं ना, मावशी. मी माझी अर्धी मोडून दिली असती."

"मोडायची कशाला? मोजूनच केल्या होत्या. तो आला, मी उठले."

पाळकाला उमगायला क्षणभर लागला. मग तो घाबरलाच. "असं बोलू नका. उठले म्हणजे काय?"

"माझ्या लेकानं मला हाक मारली होती. तो जिथं असेल तिथं जायचंय मला. ह्याच्या शेजारी स्वर्गात बसून खाली वाकून बघत राहणं मला जमायचं नाही."

"देवाचं प्रेम तुमच्यापेक्षा कमी आहे का, मावशी?"

"नसेल ना." तिनं नळ बंद केला. "मग तोही येईल खाली. एकदा जाऊन आलाय, वाट ठाऊक आहे त्याला. आला तर भेटू तिघं."

मावशीनं ताट कोरडं केलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि नेहमीच्या फळीवर ठेवलं.

"पुढच्या रविवारी..." पाळक चाचरत म्हणाला, "किती करणार?"

"सगळेच आहेत," मावशी म्हणाली. "त्रेचाळीस."