खाणरस्त्यावरचा चढ

दीडशे माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी होती. मधोमध चार चाकांची लोखंडी ढकलगाडी, तिच्यावर पांघरूण लपेटून बसलेली एक बाई. गाडीला कुणाचा धक्का नाही, दोरी नाही, इंजिन नाही. समोर चढ. चढणबाबांनी हात वर केला, मागे दांडा धरून उभ्या असलेल्या त्यांच्या माणसानं हात काढला आणि गाडी हलली. मागे नाही, पुढे, चढावर! आधी रांगत, मग चालत्या माणसाच्या वेगानं, शेवटी धावत ती वर गेली आणि टोकाला रचलेल्या वाळूच्या पोत्यांना धडकून थांबली.

"ओढलं! ओढलं!" गर्दी ओरडली.

"मी नाही ओढलं," बाबा पांढऱ्या अंगरख्याच्या बाहीनं कपाळ पुसत म्हणाले. "मी कोण? मी नुसता पत्ता सांगणारा! पृथ्वी खाली ओढते, डोंगर वर ओढतो. पृथ्वीला देह हवा, डोंगराला रोग हवा. देऊन टाका! हलके व्हा!"

शाळेत दहा वर्षं शिकलेलं अडीच वाक्यांत निकालात निघालं आणि लोकांनी माना डोलावल्या. मी गर्दीच्या मागे उभी होते. मी मान डोलावली नाही, पण तोंडही उघडलं नाही. कारण ही गर्दी जमवण्यात माझाही हात होता.

आमच्या गावातला बाटल्यांचा कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती. मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकानं कुलूपबंद. दर महिन्याला एखादं घर सामान बांधून निघून जायचं. मी गावाच्या कचेरीत कारकून. एके दिवशी सरकारी परिपत्रक आलं: लहान गावांनी आपलं एखादं प्रेक्षणीय स्थळ विकसित करावं, त्यासाठी अनुदान मिळेल, पायवाट, बाकं, स्वच्छतागृहं, माहितीफलक. बुडत्याला दोर दिसावा तसे आम्ही त्या कागदाकडे बघत राहिलो. समिती झाली. कारखान्याचे जुने फोरमन अध्यक्ष झाले, मी सचिव.

आता दाखवायचं काय? ना किल्ला, ना तळं. होता तो एवढाच, जुन्या दगडखाणीकडे जाणारा रस्ता. तिथं मोटार बंद करून सोडली की ती आपोआप चढावर जाते, हे गावाला पूर्वीपासून ठाऊक होतं. लहानपणी आम्ही तिथं चेंडू सोडून हसायचो. कुणी पाया पडायला जात नव्हतं.

अर्जात एक चौकट होती: 'स्थळाचे वैशिष्ट्य'. मी लिहिलं, 'दृष्टिभ्रमाची शक्यता.' फोरमननी ते खोडलं.

"बाई, भ्रम बघायला कोण बस करून येणार? काहीतरी दणदणीत लिहा. गाव मरतंय."

गाव मरतंय हे खरंच होतं. म्हणून मी लिहिलं, 'येथे अदृश्य शक्तीमुळे वाहने चढावर ओढली जातात.' सही केली. शिक्का मारला.

अर्जाची बातमी पेपरात आली आणि तीन आठवड्यांत चढणबाबा हजर झाले. कुठून आले, कुणी विचारलं नाही. गर्दी आली, चहाची टपरी पुन्हा उघडली, खोल्या भाड्यानं जायला लागल्या. बाबांनी रस्त्याच्या तोंडाशी मोठा फलक लावला. त्यावर माझं वाक्य जसंच्या तसं होतं आणि खाली 'सरकारी अर्जात नोंद' असं लाल अक्षरांत.

त्या फलकानं माझ्या धाकट्या भावाला गाठलं.

धाकटा कारखान्यात भट्टीवर होता. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा शहराच्या इस्पितळात डायलिसिस. जाता-येता चार तास बस, चार तास यंत्र. घरी आला की भिंतीला टेकून बसायचा आणि म्हणायचा, "ताई, मी जगतोय की नुसता येरझाऱ्या घालतोय?"

त्याला बाबांनी गाडीवर बसवलं. गाडी निम्म्या चढावर गेली आणि गचकन थांबली. गर्दी हळहळली.

"यंत्राचं रक्त!" बाबा ओरडले. "अरे, तुझं रक्त बाहेर काढून धुऊन आणतोस आणि डोंगरानं तुला ओळखावं म्हणतोस? सात दिवस यंत्र बंद. अधूनमधून गाडीवर बसत जा."

दोन दिवसांनी पुन्हा बसवलं, गाडी थोडी जास्त पुढे गेली. धाकट्याला आणखी पुरावा कशाला हवा होता?

मी त्याच्या सुजलेल्या पायांवर बोट दाबलं. खड्डा पडला, तसाच राहिला.

"ऐक माझं. उद्याच्या बसनं जाऊ."

"तूच तर लिहिलंयस, ताई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आशा होती. "तू खोटं लिहिणार नाहीस."

मी खरं सांगितलं: फोरमननी लिहायला लावलं. तो हसला. "आता घाबरून म्हणतेयस."

सहाव्या दिवशी त्याला आडवं झोपवेना. उशांना टेकून बसून तो श्वास ओढत होता. भावजय दारात उभी राहून पदर चावत होती. "वन्सं, काहीतरी करा हो. इस्पितळाचं नाव काढलं की म्हणतात, तू माझा विश्वास मोडतेस. जबरदस्तीनं नेलं तर सुया उपटून टाकीन म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी अधिकारी स्थळ बघायला येणार होते. त्याच दिवशी धाकट्याची शेवटची फेरी. बाबांनी मुद्दाम वेळ साधली होती: साहेबांसमोर मेलेला माणूस उठवून दाखवायचा.

मी कचेरीत कागद लावत बसले होते, अक्षरं दिसत नव्हती. तेवढ्यात गवंडी आले. स्वच्छतागृहांच्या पायाची आखणी करायला समितीनं त्यांना पाठवलं होतं. त्यांनी नकाशा माझ्या टेबलावर आपटला.

"बाई, हा कुणी काढला? गटार उलटं काढलंय. असं बांधलं तर सगळी घाण स्वच्छतागृहात परत येईल."

"उलटं कसं? चढाकडून उताराकडेच काढलंय."

"तिथं चढ नाहीच. मी नळी लावली. ज्याला तुम्ही माथा म्हणता ना, तो हातभर खाली आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. गवंड्यांची नळी म्हणजे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. तिची दोन टोकं कितीही दूर न्या, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर उभं राहतं. याच नळीनं जगभरच्या भिंती सरळ उभ्या आहेत.

"काका, हे उद्या सगळ्यांसमोर कराल?"

"करीन की. पण तुमचं अनुदान?"

मी नकाशाची घडी करून त्यांच्या हातात दिली. "सकाळी लवकर या."

सकाळी धाकट्याला दोघांनी धरून गाडीवर बसवलं. ओठ निळसर, चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. अधिकारी जीपमधून उतरले. फोरमन नवा कोट घालून पुढे झाले. बाबांनी हात वर करायच्या आत गवंडी दोन सारख्या उंचीच्या काठ्या आणि नळीचं वेटोळं घेऊन रस्त्यात आले.

"बाबा, एक विचारू? ही डोंगराची शक्ती रस्त्याकडेच्या या भिंतीपलीकडे पण असते का?"

"मुळीच नाही!" बाबा गरजले. "पलीकडे मेलेली माती. शक्ती या रस्त्यापुरती!"

"मग नळी भिंतीपलीकडून नेतो. उगाच ओढली जायला नको."

कुणीतरी हसलं. त्या रस्त्यावर महिन्याभरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

फोरमन माझ्या कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणाले, "बाई, थांबवा हे. गाव बुडेल." मी त्यांना बाजूला सारून एक काठी धाकट्याच्या गाडीपाशी उभी केली. नळीचं टोक तिला लावलं. "पाणी आहे तिथं खूण कर," मी त्याला खडू दिला. त्यानं रेघ ओढली. रेघ माझ्या कमरेला लागत होती.

गवंडी भिंतीपलीकडून नळी नेत 'माथ्या'वर गेले. तिथल्या काठीवर अधिकाऱ्यांनी स्वतः खूण केली. मग दोन्ही काठ्या आणून गाडीपाशी शेजारी शेजारी उभ्या केल्या. दुसरीवरची रेघ छातीला लागत होती.

"पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर," गवंडी म्हणाले. "इथं जमीन पाण्यापासून कमरेएवढी खाली. तिथं छातीएवढी खाली. मग खोल कुठं?"

गर्दीनं दोन्ही रेघांकडे माना वळवल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "तिथं."

"डोळे फसतात, आजी. गावातून येताना रस्ता खडा उतरतो. पुढे तोच उतार सौम्य होतो, आणि खड्या उताराला सरावलेल्या डोळ्याला तो चढ वाटतो. ही झाडं वाऱ्यानं कललीत, भिंतीचा माथा तिरका बांधलाय, टेकड्यांमुळे क्षितिज दिसत नाही. सरळ काय, हे ठरवायला डोळ्यापाशी काही उरतच नाही."

"पाखंड!" बाबा ओरडले. "मग याची गाडी निम्म्यावर का थांबली? सांग!"

गवंड्यांनी आम्हाला धाकट्याला उतरवायला सांगितलं आणि गाडी उलटी केली. मागच्या चाकाला सायकलचा ब्रेक होता. त्याची तार दांड्यातून निघून मुठीखाली आली होती. गाडी सुटेपर्यंत ती मूठ मागे दांडा धरून उभ्या असलेल्या बाबांच्या माणसाच्या हातात असायची. तो ब्रेक किती घट्ट अडकवून हात काढतो, यावर श्रद्धा मोजली जात होती.

बाबा पत्ता सांगणारे होते. स्वतःचा मात्र न सांगता गर्दीतून निसटले.

धाकटा रस्त्याच्या कडेला बसला होता. तो काठ्यांकडे बघत होता.

"ताई," तो दम खात म्हणाला, "म्हणजे मी आठवडाभर उतारावरून घसरत होतो?"

"हो रे बाळा."

"चल," तो म्हणाला.

गावात तेव्हा एकच वाहन हाताशी होतं, साहेबांची जीप. साहेबांनी फाइल बाजूला ठेवली आणि दार उघडलं.

इस्पितळात डॉक्टर मला ओरडले, आणि बरोबर ओरडले. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की दुपारपर्यंत हृदय थांबलं असतं. धाकटा वाचला. त्याचं हृदय मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. दोन जिने चढला की बसतो.

अनुदान त्या वर्षी मिळालं नाही. फोरमन माझ्याशी बोलत नाहीत. टपरी पुन्हा बंद आहे. आम्ही नवा अर्ज केला आहे, खरी हकिगत लिहून: फसणाऱ्या डोळ्यांचा रस्ता, सोबत नळी आणि काठ्या, कुणीही यावं, मोजून बघावं. अजून उत्तर नाही.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ कचेरीत आले. त्या दिवशी पांघरूण लपेटून गाडीवर बसलेल्या बाईंचे यजमान. बाईंना साखरेचा आजार होता. बाबांच्या सांगण्यावरून त्यांनी इन्सुलिन सोडलं. पंधरा दिवसांत त्या गेल्या. त्यांना जीपमध्ये घालणारं कुणी नव्हतं. मी मान खाली घालून त्यांचे शब्द झेलायला तयार झाले. पण ते भांडायला आले नव्हते.

"बाबा हल्ली कुठं असतात?" त्यांनी विचारलं. "आता माझ्या छातीत दुखतं."

मी त्यांना खुर्ची दिली. कागदावर रस्ता काढला, नळी काढली, ब्रेक काढला. तासभर बोलले. ते ऐकत होते, मधूनच खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मी त्यांना हात धरून शहराच्या बसमध्ये बसवलं आणि स्वतःही बसले, इस्पितळाच्या दारापर्यंत.

एवढंच सांगायचं आहे. दुःख असलं की माणूस चमत्कार शोधतो, त्यात त्याचा गुन्हा नाही. पण कुणी औषध बंद करायला सांगितलं तर तिथंच थांबा. मोजा, विचारा, गाडी उलटी करून बघा. आणि ज्यांना लिहिता येतं, ज्यांच्या हाती शिक्का आहे, त्यांनी गाव मरत असलं तरी माहीत नसलेलं खरं म्हणून लिहू नये. वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवतो.