दोन महिने डावखुरा

"मेलीस की नाही?" हेडफोन मानेवर ओढत सोंग्याने विचारलं.

"मेले," कॅप्टन वैतागून म्हणाली. "सलग नवव्यांदा. सोंग्यादादा, तू येतोस तरी कुठून रे?"

"मी कुठे येतोय? तो येतो."

तो म्हणजे समोरच्या संघातला डावखुरा. दहा दिवसांवर कॉम्प्युटरवरच्या या नेमबाजीच्या खेळाचा अंतिम सामना होता आणि या पठ्ठ्याने आजवर भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. माउस डाव्या हातात धरायचा, त्यामुळे त्याचा नेम भलतीकडूनच वळायचा आणि समोरच्याचा अंदाज चुकायचा. सोंग्याचं काम एवढंच, की सरावात आपण तो डावखुरा व्हायचं आणि आपल्याच माणसांना छळायचं. त्यासाठी त्याने डावखुऱ्याचे दोनशे जुने सामने पाहिले, स्वतःचा माउस उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला आणि पहिले काही दिवस नवशिक्यासारखा धडपडला. मनगट सुजलं तेव्हा पट्टी बांधली. आता दीड महिन्याने तो दारही डाव्या हाताने उघडत होता.

खेळायचे पाचजण. सोंग्या सहावा, राखीव. सात वर्षांत तो एकदाही मंचावरच्या खुर्चीत बसला नव्हता, पण प्रत्येक मोठ्या सामन्याआधी कोणीतरी झाला होता. एकदा एक घाईखोर, एकदा एक दबा धरून बसणारा. संघ जिंकला की पाचजण टाळ्या घ्यायचे आणि सोंग्या पुढच्या माणसाच्या अभ्यासाला लागायचा. त्याचं वय सव्वीस. बाहेर या वयात माणूस नुकता कुठे नोकरीत रुळतो. इथे बोटं मंदावली म्हणून निरोप समारंभ होतात.

त्या दुपारी त्याचा फोन वाजला. एका छोट्या संघाचा मॅनेजर होता.

"पाचांत घेतो तुम्हाला. पण सोमवारी हजर व्हायला हवं, मंगळवारी आमचा सामना आहे. नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवलाय."

सोंग्या संघाच्या राहत्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बोलत होता. मागे वळला तर कॅप्टन पाण्याची बाटली हातात धरून उभी. सगळं ऐकलं होतं तिने.

"जा तू," ती म्हणाली. "एवढी वर्षं वाट बघितलीस. आमचं आम्ही बघू."

"काय बघणार? तुला अजून तो दिसतसुद्धा नाही."

"दादा, पुन्हा कोणी विचारणार नाही तुला."

"माहितीय की," तो म्हणाला आणि जाऊन खुर्चीत बसला. माउस डावीकडेच होता. "चल, दहावा डाव. आणि मी थबकलो की दाराकडे बघत बसू नकोस."

अशा माणसाला लोक वेडा म्हणतात. म्हणोत बापडे. असा एक वेडा मिळाला तर अख्ख्या संघाचं भलं होतं, आणि याला काळीज लागतं.

खरी परीक्षा संध्याकाळी, आईला फोन करताना होती. आई घरी शिवणकाम करायची. संघाची जर्सी पहिल्यांदा मिळाली तेव्हा तिनेच ती त्याच्या मापाची करून दिली होती, आणि पाठीवरचं 'सोंग्या' एकदा तरी टीव्हीवर बघायचं, एवढाच तिचा हट्ट होता.

"आई, ते दुसऱ्या संघाचं विचारत होते. नाही म्हणालो."

मशीनची घरघर थांबली. "मग या सामन्यात तरी खेळवणार आहेत?"

"नाही."

"मग मी बघायचं कोणाला?"

मग तीच म्हणाली, "जेवलास का?" आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

अंतिम सामना शेवटच्या डावापर्यंत ताणला गेला. दोन्ही बाजूंचे चार-चार गडी गारद झाले, उरली कॅप्टन आणि उरला डावखुरा. सोंग्या मंचाखालच्या खुर्चीत जर्सी घालून बसला होता. पडद्यावर डावखुरा गोदामाच्या दारापाशी क्षणभर थबकला आणि इकडे सोंग्याचा डावा हात गुडघ्यावर आपोआप हलला.

कॅप्टनने दाराकडे चक्क पाठ केली. पाण्याच्या पाइपाशेजारच्या रिकाम्या भिंतीवर नेम धरून ती उभी राहिली. सभागृहात लोक ओरडायला लागले, ही काय करतेय! आणि डावखुरा नेमका पाइपामागूनच आला.

नशीब असावं तर असं, असं समालोचक म्हणाला. पाचजणांनी करंडक उचलला. हरलेला डावखुरा हस्तांदोलन करत कॅप्टनपाशी आला, त्याने काहीतरी विचारलं, तिने खाली बोट दाखवलं. तो पायऱ्या उतरून सोंग्यासमोर उभा राहिला.

"ती वाट मी आजवर तीनदाच वापरलीय."

"चारदा," सोंग्या म्हणाला. "एकदा हरलास, म्हणून विसरलास."

डावखुरा बघतच राहिला. मग खदखदून हसला आणि सवयीने डावा हात पुढे केला. सोंग्यानेही डावाच दिला. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी तो घरी गेला. आईने चहा टाकला.

"पाच तास डोळे फोडून बघितलं," ती म्हणाली. "एकदा नुसता तुझा कान दिसला."

"आई, शेवटी तो समोरचा एकटा उरला होता ना?"

"तो डावखुरा? काय खेळत होता मेला! माझा जीव टांगणीला लागला होता."

"दोन महिने तो मी होतो."

तिने कप नेहमीसारखा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. तो सामन्याबद्दल सांगत राहिला आणि सांगता सांगता त्याचा डावा हात टेबलावरून आडवा येऊन कपाचा कान शोधू लागला. शिवणाऱ्या बाईची नजर ती, त्या हातावर खिळून राहिली.

मग तिने बशी हलकेच फिरवली आणि कपाचा कान डावीकडे करून दिला.