पंखा दोनवर

"फ्रिज बंद केला, तरी हायच," मंगेश वायरमन म्हणाला. "आता ट्यूब घालवतो."

ट्यूब गेली. घरघर होतीच. दिवाणावर अश्वजितची इलेक्ट्रिक गिटार आडवी पडली होती आणि तारेला कुणी हातही न लावता शेजारच्या स्पीकरमधून एक जाड, संथ आवाज घरभर पसरत होता. घरातली एकेक वस्तू बंद करत जायचं, जिच्याबरोबर आवाज जाईल तीच चोर, असं मंगेशचं साधं शास्त्र होतं. तो मूळचा उमरठचा, पण महाडात आपला हात धरणारा कुणी नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे.

"माझं ऐका, गिटारीत भुंगा शिरलाय," आतून उज्वला म्हणाली. नवऱ्याच्या गिटारीला लग्नानंतर माळ्यावर पाठवणारी तीच, आणि यंदा पुसून खाली काढणारीही तीच.

अश्वजित एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. पोलादपूरची गाडी लागली काय न् नाते गावची चुकली काय, लोकांना ते त्याच्याच आवाजात कळतं. दिवसभर बोलायचं काम. आणि हाच माणूस लहानपणी चार वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या आईनं, बनुबाईनं, त्यावर जात्यावर ओवी रचली होती. तिची पहिली ओळ नाते गावातल्या त्यांच्या वस्तीत सगळ्यांना पाठ होती.

मुका म्हनती लेकाला, म्हनू द्या गो बाई...

पोरं हीच ओळ म्हणत त्याच्या मागं धावायची. पुढची ओळ कुणाला ठाऊक नव्हती. तो स्वतः मोठा झाला, मिशी पिकली, तरी त्याला 'मुका' एवढंच माहीत. या मार्चला चवदार तळ्याजवळच्या एका छोट्या स्टेजवर त्याला गिटार वाजवायची होती आणि आईची ती ओवीच वाजवायची होती. अर्धी ओवी घेऊन स्टेजवर कसं जायचं?

आईला विचारून तो थकला होता. "जातं नाय तर त्वांडात येत नाय रे," ती म्हणे. "हात फिराय लागतो. घरघर लागती." जातं नात्याला होतं, पण चुलतभावानं त्याचे दोन्ही दगड घराच्या पायरीला बसवून टाकले होते. वर्षागणिक आई काय काय विसरायला लागली होती. ही ओळही गेली तर कायमची गेली, या विचारानं अश्वजितला अलीकडे भीती वाटायची.

मंगेशनं टीव्ही बंद केला, मग पाण्याची मोटर, मग चार्जर. रविवारची दुपार होती. पडद्यातून पिवळट ऊन फरशीवर उतरलं होतं आणि पंखा दोन नंबरवर गरगरत होता. एरवी घरघर सुरू झाली की अश्वजित एक तर वाजवायला लागे, नाही तर वैतागून बटण बंद करी. आज पहिल्यांदाच तिला कुणी इतका वेळ नुसतं वाहू दिलं होतं. ऐकता ऐकता त्याचे डोळे जड झाले. आपण फार लहान आहोत आणि कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून पडलो आहोत, असं त्याला वाटत राहिलं.

"ह्यो बघा चोर," मंगेश म्हणाला आणि त्यानं पंख्याचा रेग्युलेटर शून्यावर नेला.

घरघर थांबली. आणि त्याच क्षणी आणखी काहीतरी थांबलं.

दोघांनीही आतल्या दाराकडे पाहिलं. उंबऱ्याशी बनुबाई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपातल्या तांदळात तसाच थबकला होता आणि तोंड किंचित उघडं होतं. ती गात होती. आवाजाचा चोर शोधण्याच्या नादात ते कुणाच्या कानावरच आलं नव्हतं.

"आये, काय म्हनत व्हतीस?"

"कोन? मी? नाय बा."

"दादा, रेग्युलेटर जुना हाय. नवा बसवला का आवाज खलास," मंगेशनं पिशवीतून खोकं काढलं.

"थांब जरा. परत दोनवर कर."

पंखा फिरू लागला. स्पीकरमधून घरघर परत आली. बनुबाईनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग तिचा उजवा हात तांदळात हळूहळू गोल फिरू लागला, आणि आवाज आला. पातळ, म्हातारा, पण सुरात. नणंदेची ओवी, पावसाची ओवी, भिमाची ओवी. उज्वला ओल्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

अश्वजितला राहवेना. साथ द्यावी म्हणून त्यानं गिटार उचलली. बोटं तारांवर टेकली मात्र, घरघर एकदम दबली. हात लागला की ती अशीच दबते, हे त्याला ठाऊक होतं. आईचा हात सुपात थांबला. त्यानं चटका बसावा तसा हात काढून घेतला. घरघर वर आली, हात फिरू लागला.

मुका म्हनती लेकाला, म्हनू द्या गो बाई,
जात्यासंगं गातो त्यो, त्याला बोलायाची नाय घाई.

बनुबाईनं ती ओवी पुन्हा म्हटली आणि पुढच्या ओवीकडे गेली, कुणाकडे न बघता.

"दादा," मंगेश हळूच म्हणाला, "बसवू काय मग नवा?"

अश्वजितची नजर आईच्या फिरणाऱ्या हातावर होती. उज्वलानं पुढं होऊन मंगेशच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि त्याला खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बसला. गिटार मांडीवर घेऊन अश्वजितही बसून राहिला, दोन्ही हात तारांपासून दूर धरून.