सात वाजताची मोटर

"वासुदेवभाऊऽ! तुमची मोटर पुन्हा सुरू झाली नं गा!"

सेवकराम बांधावरून ओरडत होता. मी ओट्यावर बशीतला चहा फुंकत होतो. घड्याळात सात वाजून दोन मिनिटे झाली होती. आज चौथा दिवस. मी बशी खाली ठेवली, खिशातून फोन काढला आणि मोटरीला मिसकॉल दिला. तिकडे पाणी थांबले. सेवकराम मात्र थांबला नाही.

"मी कालच लाखोळी फेकली बांधीत. सडली तं तुम्ही देता काय भरून?"

त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याची धानाची बांधी माझ्या बांधीच्या खालच्या उतारावर. उभ्या धानात लाखोळीच्या डाळीचे बी फेकले की त्याला ओल लागते, साचलेले पाणी चालत नाही. माझेही धान कापणीला आले होते, बांधी कोरडी करायला सोडली होती. अशा दिवसांत मोटरीला हात कोण लावणार? पण रोज संध्याकाळी सात वाजले की ती आपोआप सुरू व्हायची.

ही मोटर साधी नव्हती. दिवाळीला आमच्या पोराने, भुपेंद्रने, तिच्या पेटीत एक यंत्र बसवले होते. तो भंडाऱ्याला एका दुकानात नोकरीला आहे, सुटीला गावी येतो. यंत्रात सिमकार्ड घालायचे. मग घरी बसून त्या नंबरला मिसकॉल दिला की मोटर सुरू. पुन्हा दिला की बंद. मला फार आवडले. आयुष्यभर अंधारात, काट्याकुट्यात, सापाकिरड्यांत जाऊन मोटर सुरू केली, आता ओट्यावरून करायची. पहिल्या दिवशी मी कामाशिवाय सहा वेळा सुरू केली आणि सहा वेळा बंद केली.

सिम नवीन घ्यावे लागले नाही. त्याच वेळी भुपेंद्रने आपल्या आईला बटनांच्या फोनाऐवजी टचचा फोन आणला होता. त्याच्यासोबत नवीन नंबर मिळाला. जुने सिम रिकामेच पडले होते. भुपेंद्र म्हणाला, "आईले विचारू काय?" मी म्हणालो, "विचारतो कायले? तिले कोन फोन करते?" झाले. सिम पेटीत गेले.

आता कोणीही म्हणेल, म्हातारबा, मग कळले कसे नाही? तर माझा समज असा की नंबर माणसाचा असतो. माणसाने फोन बदलला की जुना नंबर मरतो, जसे जुने रेशनकार्ड. नखाएवढ्या त्या तुकड्यात तो जिवंत राहतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मी आधी सेवकरामवर संशय घेतला. सेवकरामने माझ्यावर घेतला. मग आम्ही दोघांनी मिळून माकडांवर घेतला. पाचव्या दिवशी साडेसहालाच काठी घेऊन मी पेटीसमोर जाऊन बसलो. सेवकराम आपली काठी घेऊन शेजारी बसला. आम्ही तंबाखू मळली. चिटपाखरू नव्हते. सात वाजले आणि पेटीत हिरवा दिवा लागला, खट् झाले आणि मोटर घुमू लागली.

सेवकरामच्या हातातली तंबाखू सांडली.

"भाऊ, हे बाहेरचं आहे."

"बाहेरचं सात वाजता बरोबर येते काय? त्याच्याजवळ घड्याळ आहे?"

"त्याईचाही टाइम ठरला राह्यते गा."

मी भुपेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "सिग्नलचा प्रॉब्लेम असन, बाबा." आजकाल सगळे सिग्नलमुळेच होते. उद्या माझा गुडघा दुखला तरी तो हेच सांगेल.

घरात वेगळाच तमाशा होता. भुपेंद्रची आई रोज सात वाजता टचचा फोन मांडीवर घेऊन बसायची. तिची मोठी बहीण आनंदाबाई नाकाडोंगरीला राहते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एकटी बाई. दोघी बहिणींचा अकरा वर्षांचा रिवाज होता. संध्याकाळी सात वाजता आनंदाबाईंनी एक मिसकॉल द्यायचा. त्याचा अर्थ, मी जेवली, मी बरी आहे. मग हिने उलट एक मिसकॉल द्यायचा. त्याचा अर्थ, मीही बरी आहे, झोप. बोलणे नाही, चालणे नाही. नवा फोन आल्यापासून मिसकॉल बंद झाला होता.

"बाई रागावली," भुपेंद्रची आई म्हणायची.

"कायले रागावन?"

"दिवाळीची साडी पोपटी धाडली. तिले पोपटी आवडत नाही."

"मग तू लाव नं फोन."

"कसा लावू? जुन्या फोनात दोनचं बटन दाबून धरलं का बाईले लागे. ह्याच्यात दोनचं बटनच नाही. काचच काच आहे."

नंबर कोणालाच पाठ नव्हता, भुपेंद्रकडेही नव्हता. तो जुन्या सिमातच होता, आणि माझ्या लेखी ते मेलेले. भुपेंद्रला विचारले तर तो म्हणाला, आईचा नंबर बदलला म्हणून मी ग्रुपवर कधीचाच टाकला, मंडईचे आमंत्रणही टाकले. आनंदाबाईंचा फोन दोन बोटे रुंदीचा, बटनांचा. त्यात कसला ग्रुप?

कोंढ्याची, म्हणजे आमच्या गावची, मंडई आठ दिवसांवर आली होती. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दुकाने लागतात, दंडार नाचते आणि प्रत्येक घरी पाहुणे येतात. पण बोलावल्याशिवाय पाहुणा येत नाही. लग्नाला एखाद्याला विसरले तर माफ होते, मंडईला विसरले तर सात वर्षे ऐकावे लागते. आनंदाबाई आमच्या मंडईला दरवर्षी यायच्या.

म्हणजे तिकडे मोटर सात वाजता सुरू व्हायची आणि इकडे ही सात वाजता फोनकडे पाहत बसायची. दोन्ही गोष्टी एकाच घरच्या, एकाच वेळच्या. मी कधी एक दुसरीच्या शेजारी ठेवून पाहिली नाही.

मग सोमवारी मोटर गप्प राहिली. मंगळवारीही सात वाजले, सव्वासात झाले, काही नाही. सेवकराम म्हणाला, "गेलं, भाऊ. ज्याचं होतं तो घेऊन गेला." मी दुकानातून नारळ आणला, पेटीपुढे फोडला आणि दोघांनी खोबरे खाल्ले. घरी आलो तर भुपेंद्रची आई फोन मांडीवर घेऊन तशीच बसली होती. मी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. म्हणालो, "घे, प्रसाद आहे. सुटलो एकदाचे."

बुधवारी सात वाजता मोटर पुन्हा सुरू झाली. गुरुवारी मंडई होती.

मंडईच्या दिवशी हिने अंगण सारवले, वडे तळले आणि चार वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी रस्त्याकडे पाहिले. माझ्या बहिणी आल्या, भाचे आले. आनंदाबाई आल्या नाहीत. पाच वाजता भुपेंद्र मैदानावरून धावत आला.

"आई, मावशी मंडईत बसली आहे. भज्याच्या दुकानात."

"अन् तू घरी नाही आनली?"

"म्हटलं नं. तं म्हनते, मी कोंढ्याची मंडई पाहाले आली, कोनाच्या घरी नाही."

सख्खी बहीण गावात आणि भजी विकत घेऊन खाते! ही हात न धुता निघाली. कोपरापर्यंत पीठ. मागे मी, माझ्यामागे भुपेंद्र.

मंडईचे मैदान माझ्या बांधीला लागूनच आहे. दंडारीचा ढोल वाजत होता. आनंदाबाई दुकानाच्या बाकड्यावर ताठ बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. गाल बसले होते, पण आवाज जसाच्या तसा.

"बाई, घरी चाल," ही म्हणाली.

"कोन्ती बाई? मी तं भजे खाऊन राहिली."

"असं काहून करते वं? काय चुकलं माह्यं?"

"काय चुकलं? दहा-बारा दिवस झाले, रोज फोन करून राहिली मी. अन् तू कापून राहिली! दोन रिंगा वाजल्या का कट. मिसकॉल देनारी मी, अन् कापनारी तू! मंडईले बोलवाचं नसन तं तोंडानं सांगाचं होतं, शकुन. मी पोपटी साडीसारखी घडी करून बसली असती घरी."

"तुह्या गळ्याची शपथ, बाई, मले एकही फोन नाही आला!"

"नाही आला? हे पाह्य." त्यांनी पिशवीतून फोन काढला. बटन दाबून धरले आणि फोन वर केला, गावाला दिसावा असा. ढोलवाला थांबला. एक रिंग. दुसरी. कट.

"पाह्यलं सगळ्याइनं? ह्याले काय म्हनाव?"

तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"भाऊऽ! सुरू झालीऽऽ!"

सेवकराम मंडई सोडून पेटीजवळ पहाऱ्याला बसला होता. आनंदाबाईंना वाटले, कोणी आपली चेष्टा करतो आहे. त्यांनी रागाने पुन्हा बटन दाबले. दोन रिंगा. कट.

"भाऊऽ! बंद झालीऽऽ!"

भुपेंद्रचे तोंड उघडे पडले. "मावशी," तो हळूच म्हणाला, "आनखी एक डाव लाव."

"काहून?"

"लाव तं खरी."

"सुरू झालीऽऽ! अगा भाऊ, हे काय खेळ चालू आहे?"

मंडई हसायला लागली. दंडारीतला बाईचे सोंग घेतलेला गडी पोट धरून खाली बसला. भुपेंद्रने मावशीला सगळे उलगडून सांगितले. यंत्र, सिम, आपले सोडून बाकीचे नंबर लॉक करायचे राहून गेले, सगळे. आनंदाबाईंना समजायला वेळ लागला.

"म्हनजे मी इतके दिवस धानाले पानी देऊन राहिली होती काय?"

"हो, मावशी."

"अन् मी बरी आहे, हे मोटरीले सांगून राहिली?"

पुन्हा हसू झाले. त्याही हसल्या, खोकला येईपर्यंत. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "सोमवारी अन् मंगळवारी नाही केला. तापानं फनफनली होती. फोन उशाशी होता, पन हात नाही उचलला गेला. पडल्या पडल्या वाटे, शकुनले समजन, आज मिसकॉल नाही आला म्हनून. शेजारनीनं पेज पाजली."

सोमवार आणि मंगळवार. सेवकराम तोवर धावत आला होता. तो माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. जिभेवर खोबऱ्याची चव आली.

भुपेंद्रच्या आईने पिठाच्या हातानेच बहिणीचा हात धरला होता. तिने विचारले, "माह्यं सिम मोटरीत कोनं टाकलं?"

भुपेंद्रची नजर माझ्याकडे वळली.

"मी सांगतलं त्याले," मी म्हणालो. "म्हटलं, तिले कोन फोन करते."

सगळ्यांसमोर म्हणालो. दुसरा इलाज नव्हता. ही रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त पदराने हात पुसले आणि म्हणाली, "चाल, बाई. वडे थंडे होऊन राहिले."

दोघी पुढे गेल्या. आनंदाबाई जाता जाता वळून म्हणाल्या, "वासुदेवराव, भज्याचे पैसे देऊन या." मी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पेटी उघडली. माझी बोटे जाड, सिम सुटेना. शेवटी सेवकरामने बाभळीचा काटा आणून दिला, त्याने काढले. भुपेंद्रने ते आईच्या फोनात घातले आणि म्हणाला, "बाबा, एक डाव लावून पाहा."

मी ओट्यावर बसलो होतो. सवयीने जिथे दाबायचो तिथे दाबले. स्वयंपाकघरात फोन वाजला. आतून आनंदाबाई ओरडल्या, "शकुन, तुले फोन आला!" दोघी बहिणी लहान पोरींसारख्या काय आले ते पाहायला लागल्या.

माझ्या फोनावर मोठ्या अक्षरात लिहिलेले होते, "मोटर".

त्याआधी काय होते? मी भुपेंद्रला विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "त्याआधी तुमच्या फोनात आईचा नंबर नोहताच, बाबा." खरेच आहे. मी शेतात असलो की ती घरी, मी घरी असलो की ती घरी. फोन कशाला लागणार?

"आना, बदलून देतो," तो म्हणाला.

"राहू दे. फक्त कुठं दाबाचं ते सांग."

त्याने दाखवले. "मोटर" पुसले गेले आणि तिथे रिकामी रेघ लुकलुकू लागली. आता काय लिहायचे? भुपेंद्रची आई? ते तर मी तोंडाने म्हणतो. चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात मी अक्षरे शिकलो. पाटीवर पहिल्यांदा माझे नाव लिहिले, मग भुपेंद्रचे, मग दोन्ही बैलांची. हिचे लिहायची पाळी आली नाही. आमच्या काळी नवरा बायकोचे नाव घेत नसे, आणि जे तोंडात नाही ते हातात कुठून येणार?

काचेवर अक्षरे मुंग्यांएवढी होती. श सापडला. क सापडला, त्याचा उकार सापडायला वेळ लागला. दोनदा चुकले, दोनदा पुसले.

"अजी," ती आतून म्हणाली, "च्या थंडा होऊन राहिला."

"येतो," मी म्हणालो.

फक्त 'न' राहिला होता.