हत्यार क्रमांक एक

भिकू मुकादम चाळीच्या वाचनालयात त्या रविवारी जी डोकी फुटली, त्यांचं पाप नलू मयेकरने कधीच अंगाला लावून घेतलं नाही. तिचं म्हणणं, आपण फक्त भांडण मागितलं होतं. मारामारी देवाने वरून घातली.

लालबागची ती चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. टॉवरमध्ये जिम होती, कुत्र्यांना फिरायला गच्ची होती, फक्त वाचनालय नव्हतं. बिल्डरचा माणूस हितेंद्र गोड बोलायचा. ‘‘काकू, लॉबीत काचेचा कोनाडा देतो ना. आत लाइट. त्यात एकच बुक. जगातली सगळ्यात ग्रेट कादंबरी कुठली ते तुम्ही लोक डिसाइड करा. ठरली की बाकीचा माल उचलतो.’’

माल म्हणजे पाच कपाटं पुस्तकं. नवरा गेला, गुडघे गेले, पण नलूने रोज दुपारी कुलूप उघडायचं सोडलं नव्हतं. ती पुस्तकं आता रद्दीत जाणार होती. मग तिने डोकं चालवलं. ठरली की उचलणार ना? मग ठरूच द्यायची नाही. लालबागमध्ये दोन माणसांचं एका वडापाववर एकमत होत नाही, तिथे कादंबरीवर काय होणार!

तिने तिघांना वेगवेगळं गाठून चहा पाजला. अध्यक्ष गुणाजी तिचा चुलतदीर, जुना गिरणीवाला. त्याच्या मते ‘भोंगा वाजण्याआधी’च्या पुढे जगात काही लिहिलंच गेलं नव्हतं. अकराशे पानं. भोंगा वाजतो शेवटच्या पानावर. भायखळ्याचा ज्यो, फायर ब्रिगेडमधून रिटायर, ‘सुरा सापडला, बाई नाही’वर जीव टाकायचा. तिसरे गिरगावचे प्राध्यापक शामराव. त्यांची ‘शून्याच्या काठावर’, तीन भाग, एकत्र बांधणी, तिन्ही भागांत नायक खुर्चीतून उठत नाही. प्रत्येकाला नलू म्हणाली, ‘‘तुमचीच खरी थोर हो. पण ते दोघे तिला कचरा म्हणतात.’’

रविवारी चाळ लोटली. खाली रामजीचा रद्दीचा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा. हितेंद्र घड्याळ बघत टेबलापाशी. सगळं नलूच्या मनासारखं चाललं होतं, तेवढ्यात गुणाजी नारळ घेऊन उठला.

‘‘कामाक सुरुवात करूच्या आधी गाऱ्हाणा घालूक होया.’’

त्याला नाही कोण म्हणणार? कोकणातल्या माणसांची चाळ. नळाला नवी तोटी बसवली तरी गाऱ्हाणं झालेलं. सगळे हात जोडून उभे राहिले. ज्योसुद्धा, तीस वर्षं इथे येऊन त्यालाही सवय जडलेली.

‘‘बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां ह्या वाचनालयात जमली हत!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘नवो टॉवर हुभो रवतलो, तेका लिफ्टीसकट सांभाळ!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘जगातली थोर कादंबरी ती ‘भोंगा वाजण्याआधी’, ह्या आमका सगळ्यांका मान्य असा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आणि जो कोण आड येयत, तेचा टाळक्या फोड!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

गुणाजीने नारळ फोडला आणि टाळ्या पिटल्या. ‘‘ठरली! देवासमोर सगळे हो म्हणाले. हितेंद्र, उचल माल.’’

 हे नलूच्या हिशेबातच नव्हतं. गाऱ्हाण्यात मधेच नाही म्हणायची रीत आजवर कुणी काढली नव्हती.

‘‘ए गुण्या, चीटिंग करतो काय?’’ ज्यो पुढे आला. ‘‘ते सवयीने बोललो मी. तू ‘ज्यो गाढव आहे’ बोलला असता, तरी बोललो असतो.’’

‘‘मग देवाक खोटा बोललंस?’’

‘‘तुझा भोंगा उशीला बरा. झोप मस्त लागते.’’

गुणाजीने वर छताकडे पाहिलं. देवाला आताच टाळकं फोडायला सांगितलं होतं, देव काही हलेना. मग देवाचं काम त्यानेच केलं. अकराशे पानांचा भोंगा दोन हातांनी उचलला आणि ज्योच्या कपाळावर उतरवला. भुवई उकलली, रक्त थेट डोळ्यात.

ज्यो आगीत शिरलेला माणूस. एका डोळ्याने नेम धरून त्याने ‘सुरा’च्या पुठ्ठ्याचा कोपरा गुणाजीच्या नाकाच्या दांड्यावर हाणला. कट्टकन आवाज झाला. गुणाजीचं नाक उजव्या गालाकडे बघायला लागलं.

‘‘गृहस्थहो, वाङ्मयीन मतभेद हे...’’ शामराव मधे पडले. कुणाचं तरी पाकक्रियेचं पुस्तक त्यांच्या कानावर बसलं. शामरावांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला आणि समोर जी पोटरी आली तिचा कडकडून चावा घेतला. मग ‘शून्याच्या काठावर’चे तिन्ही भाग घेऊन ज्योच्या पाठीत घातले. ज्यो गुडघ्यावर आला.

एवढ्यात बाकीच्यांना आपापली कामं आठवली. दुसऱ्या मजल्यावरच्या लक्ष्मीने दोरीवरच्या साडीचा वाद काढून शेजारणीला इतिहासाच्या जाड खंडाने आडवं केलं. साडूने साडूचे दात चरित्रग्रंथावर उतरवून घेतले. पुस्तकं उडत होती, पानं उडत होती, एक बोट दारात चेंगरून निळं पडलं होतं आणि ते कुणाचं यावरही दोघे भांडत होते. चार कपाटं बघता बघता रिकामी झाली. हितेंद्र टेबलावर चढून ओरडला, ‘‘स्टॉप! माझा माल खराब होतोय!’’ तेव्हा कुणीतरी टेबलच ओढलं.

खाली पडल्या पडल्या त्याने फोन लावला. ‘‘पोलीस! लवकर या! इथे मर्डर होतोय!’’

पोलीस म्हटल्यावर नलूच्या डोळ्यांपुढे गुणाजीची स्कूटर आली. दहीहंडीच्या राड्यात पोलिसांनी पुरावा म्हणून उचललेली. केस कोर्टात होती. स्कूटर अजून चौकीच्या मागे होती, सीटमधून पिंपळ उगवला होता. पण केस संपेपर्यंत तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

नलूने पाचव्या कपाटाकडे पाहिलं. ते कुलपात होतं. त्यातल्या पुस्तकांनी कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता, म्हणजे ती पुरावा नव्हती.

तिने कमरेची किल्ली काढली, दार सताड उघडलं आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली. ‘‘हातातलं टाकलंत तर नवीन घेऊन जा रे! एकाला कितीही!’’

लोक धावले. प्रवासवर्णनं गेली, नाटकं गेली. शेवटी एक मोठा शब्दकोश उरला. जिन्यावर बूट वाजत होते.

‘‘हितेंद्र, बाळा, जरा इकडे बघ.’’

तो वळला. नलूचे गुडघे गेले होते, हात नव्हते गेले. शब्दकोश त्याच्या जबड्यावर बसला आणि तो ‘काकू’ म्हणता म्हणता ‘का’वरच थांबला.

सब-इन्स्पेक्टर आकांक्षा दारात उभी राहून बघतच राहिली. ‘‘कशाने मारलं एवढं?’’

‘‘पुस्तकांनी, मॅडम.’’

‘‘कुठल्या पुस्तकांनी, मावशी?’’

‘‘सगळ्यांनी.’’

‘‘मॅडम, रद्दी आहे हो ती,’’ हितेंद्र जबडा धरून बोबडं बोलला. ‘‘सोडून द्या ना.’’

‘‘जबडा तुमचा सुजलाय आणि पुरावा सोडा म्हणता?’’ आकांक्षाने पंचनाम्याचा कागद काढला. ‘‘सगळं जप्त. खाली टेम्पो कुणाचा आहे? वर बोलवा त्याला. आता सांगा, मुख्य हत्यार कुठलं? क्रमांक एकला काय लिहू?’’

 मग गुणाजी नाकातलं रक्त पुसत पुढे आला. ‘‘माझो भोंगा लिवा. ज्योचा कपाळ मीच फोडलंय.’’

‘‘हट्! नाकाचं हाड तोडलं ते सुराने! मी तोडलं!’’ ज्यो ओरडला. ‘‘हाड मोठं की चामडी, मॅडम?’’

‘‘क्षमा करा,’’ शामराव चष्मा चढवत म्हणाले, ‘‘पण हे गृहस्थ कोसळले ते माझ्या तीन खंडांमुळे. आणि मी पूर्ण शुद्धीवर, जाणूनबुजून मारलं आहे. तसंच लिहा.’’

‘‘तुम्ही तिघं गुन्हा कबूल करताय, कळतंय ना?’’

‘‘ता ऱ्हवांदे,’’ गुणाजी म्हणाला. ‘‘नंबर कितवो, ता सांगा.’’

रामजीच्या टेम्पोतून पाचही कपाटांचा माल चौकीत गेला. चाळ पडली, टॉवर उभा राहतोय. लॉबीच्या कोनाड्यात हितेंद्रने प्लॅस्टिकचं झाड ठेवलंय. नलू रोज दुपारी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन बसते, साक्षीदार म्हणून, पुराव्याला वाळवी लागली का ते बघायला. हवालदार नाइट ड्यूटीला पुस्तक मागतात. ती सही घेते आणि पानं दुमडू नका म्हणून दम भरते.

परवा तारखेला कोर्टाबाहेर ज्योने विचारलं, ‘‘नलूबाय, क्रमांक एक कुठली लिहिली मॅडमने?’’

‘‘जागा रिकामी ठेवलीय. वाचल्याशिवाय कसं ठरवणार म्हणतात. भोंगा अर्धा झालाय.’’

वाकड्या नाकाच्या गुणाजीने खिशातून नारळ काढला. ‘‘बा देवा म्हाराजा! मॅडमची बदली होव नये, आणि ह्यो खटलो आमच्या हयातीत संपा नये!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ ज्यो म्हणाला, शामराव म्हणाले, नलूने तर डोळे मिटून म्हटलं. आणि त्यांना आत न्यायला आलेले दोन्ही हवालदार मालवणचे होते, सवयीने तेही म्हणाले.