अनाहीचा मागे राहिलेला जबडा

नुबियाचा नवरा विनिसियो परांचीवरून पडून गेला, त्याला सात महिने झाले होते. शाळेच्या तपासणीत चिठ्ठी मिळाली म्हणून नुबियाने मुलीला कुएन्का शहरातल्या दातांच्या दवाखान्यात नेलं. कुणी सांगितलं की करायचं; स्वतःहून काही ठरवणं तिने सोडूनच दिलं होतं.

डॉक्टर मोस्कोसोबाईंनी आठ वर्षांच्या अनाहीला दात मिटायला सांगितले. खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन बसले.

"खालचा मोठा नाहीये हो, वरचा जबडा मागे राहिलाय. आत्ता हाडं कोवळी आहेत, ओढली तर येतील. दोन-तीन वर्षांनी इतकं सोपं नाही राहणार."

"बरं," नुबिया म्हणाली.

अनाहीच्या तोंडात, टाळूला धातूची पट्टी बसली. तिच्या मधल्या स्क्रूला रोज संध्याकाळी बारीक किल्लीने पाव फेरा द्यायचा. शिवाय कपाळाला आणि हनुवटीला टेकणारी एक चौकट. तिची रबरं आत पट्टीला अडकवायची आणि शाळेतून आल्यापासून सकाळपर्यंत ती चेहऱ्यावर ठेवायची.

घरी, सिगसिग गावात, सासू सोइला गवती टोपी विणत बसली होती. पोरीला बघून तिचे हात थांबले.

"घोड्यासारखं काय बांधून आणलंस हिला?"

"डॉक्टरांनी सांगितलं."

"ही हनुवटी माझ्या विनिसियोची आहे. कुणाचं काय अडलं होतं तिच्यामुळे? त्याचं तोंडसुद्धा घरात नको झालंय, असं म्हण की सरळ!"

नुबियाला राग यायला हवा होता. आला नाही. ती बटाटे सोलायला गेली.

तिसऱ्या संध्याकाळी तिच्या हातून किल्ली निसटली आणि टाळूला टोचली. थोडं रक्त आलं. अनाही रडली नाही. "आई, परत बघ," म्हणून तोंड उघडं धरून बसली. नुबिया किल्ली घेऊन नुसती उभी. हात वर होईना.

"सर बाजूला." चाळीस वर्षं केसासारख्या बारीक गवतकाड्या विणलेली सोइलाची बोटं पुढे आली. "आ कर. आणखी. भोकाड पसरताना बरं उघडतं एवढं!"

अनाहीला हसू फुटलं, तेवढ्यात फेरा झालाही. त्या दिवसापासून किल्ली सोइलाकडे. टोमणे मात्र चालूच राहिले. पुढच्या दोन दातांत फट पडली तेव्हा, "झालं, फोडली पोरगी!"

"हाड उघडतंय. फट पडणार, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या," नुबियाने सांगितलं.

एकदा अनाहीने विचारलं, "दात पुढे आले की मी बाबांसारखी दिसणार नाही?"

नुबियाने विचार केला. "कमी दिसशील."

सोइला खाली मान घालून विणत राहिली.

दहा महिन्यांनी वरचे दात खालच्यांच्या पुढे आले. "छान," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण वाढ थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी यायचं. वयात येताना खालचा जबडा पुन्हा पुढे सरकू शकतो."

"बरं."

घरी सोइलाने पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं.

"कान आहेत त्याचे," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

नुबियाने मुलीचे केस बाजूला केले. खरंच होते. तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. केस मुठीत धरून ती तशीच उभी राहिली.

"आई, सोड ना," अनाही म्हणाली, "ओढतंय."